वजा नव्वद

अकरा महिने शिकून मी वजा नव्वद झाले.

शून्य नाही. शून्य म्हणजे जिने जन्मात तार हातात धरली नाही ती. मी तिच्याही नव्वद पायऱ्या खाली, तळघरात. हे कुणा माणसाने सांगितलं असतं तर त्याच्यासमोर उभी राहून विचारलं असतं, का रे बाबा, कसं काय? पण सांगत होतं पोर्टल. आणि पोर्टलला नुसते आकडे असतात, तोंड नसतं.

त्याआधी तेरा वर्षं मी बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं बंद करायचे. एका सोमवारी कारखान्याने आम्हालाच बंद केलं. ताई म्हणाली, "छोटे, घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा दुकानात ये. ह्यांना माणूस हवंच आहे." ह्यांना म्हणजे भाऊजींना. भाऊजी जळलेल्या मोटारी भरून देतात. पंपाच्या, पंख्याच्या, लाँड्रीच्या. आतली जळकी तांब्याची तार काढायची, नवी भरायची, मोटार फिरायला लागली की गिऱ्हाइकाच्या हवाली. तीस वर्षं हेच.

त्याच सुमारास शिकाऊ उमेदवारांसाठी ते पोर्टल निघालं. वयाची अट नाही. नाव नोंदवा, कुठल्या दुकानात काय शिकताय ते लिहा, आणि प्रत्येक कामाचे दोन फोटो टाका. एक काम करण्याआधीचा, एक नंतरचा. नव्वद गुण झाले आणि दुकानाच्या मालकाने मंजुरी दिली की प्रमाणपत्र.

ते प्रमाणपत्र मला हवंच होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मोटारी भरणाऱ्याची एक जागा निघाली होती, कायमची. तिथले साहेब भाऊजींचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बाई असो की बुवा, मला फरक पडत नाही. कागद हवा, आणि सही करताना चाळीस पूर्ण झालेली नकोत." माझी चाळीस अठरा तारखेला पूर्ण होत होती. सतरापर्यंत कागद हातात आला तर पंपघर, नाही तर परत भिंती. इतकी सोपी गोष्ट.

आता भाऊजींची शिकवण्याची तऱ्हा सांगते, कारण घोडं पेंड खातं ते तिथेच.

इतर दुकानांत जळकी मोटार आली की छिन्नीने तारांचे झुबके एका बाजूने तोडतात आणि पकडीने उपटतात. अर्ध्या तासात मोटार मोकळी. भाऊजींकडे छिन्नीला बंदी. मोटार तापवायची, आतलं वार्निश मऊ करायचं आणि एकेक वेढा बोटांनी उकलायचा. मोजत मोजत. तार कुठल्या खाचेतून आली, कुठल्या खाचेत गेली, पुढे कोणाला जाऊन मिळाली, सगळं वहीत लिहायचं. पहिली मोटार उकलायला मला चार दिवस लागले. भरायचं कधी शिकवणार, असं विचारलं की भाऊजी म्हणायचे, "मेहुणीबाई, आधी उकला. ज्याला गुंता सोडवता येत नाही त्याने गुंता करू नये."

मी उकलत राहिले आणि फोटो टाकत राहिले. आधीचा फोटो, चोवीस खाचा जळक्या तारेने ठासून भरलेल्या. नंतरचा फोटो, चोवीस खाचा रिकाम्या, घासून लख्ख. खरं होतं तेच टाकलं.

पण पोर्टलवरचे फोटो माणूस बघत नाही. यंत्र बघतं, आणि भरलेल्या खाचा मोजतं. आधी रिकाम्या आणि नंतर भरलेल्या असतील तर दीड गुण. माझ्या आधी भरलेल्या आणि नंतर रिकाम्या. म्हणजे दर मोटारीला वजा दीड. साठ मोटारी उकलल्या मी. वजा नव्वद.

कुणी म्हणेल, अकरा महिने डोळे काय गहाण ठेवले होते? नव्हते ठेवले. आकड्याच्या आधी बारीक रेघ दिसत होती. मला वाटलं, शोभेची असेल. त्या पोर्टलवर जिकडे तिकडे रेघा, गोळे, हसरे चेहरे. वर दर सोमवारी संदेश यायचा, 'अभिनंदन! तुम्ही सातत्य राखले आहे.' पंचेचाळीस झाले, मी ताईला चहा पाजला. साठ झाले, पंचाहत्तर झाले. नऊ तारखेला नव्वद झाले, आणि मी छाती फुगवून 'प्रमाणपत्र मिळवा' दाबलं. उत्तर आलं, 'तुमची प्रगती प्रारंभिक पातळीच्या खाली आहे. कृपया पहिला धडा पाहा. विषय: तार म्हणजे काय?'

मी तो धडा पाहिला. खरंच पाहिला, सगळा. एक हसरा माणूस सांगत होता की तार लांब असते. वाटलं, यात असं काहीतरी असणार जे मला अजून कळलेलं नाही. साठ मोटारींची तार या बोटांतून गेली होती, आणि मी भिंतीला टेकून तार लांब असते का याचा विचार करत होते. माणसाला वेडं करायला फार लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मदतकेंद्राला फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकवली. मग एक मुलगी बोलली. गोड आवाज, पाठ केलेला.

"मॅडम, तुमचे आधीचे आणि नंतरचे फोटो उलटे पडलेत."

"उलटे नाहीत. मी कामच तसं केलंय."

"म्हणजे भरलेली मोटार तुम्ही रिकामी केली?"

"जळकी होती ती."

"बरं, जळकी रिकामी केली. मग भरली कोणी?"

"भाऊजींनी."

"ते उमेदवार आहेत?"

"ते मालक आहेत."

"मग मॅडम, तुम्ही काय शिकलात?"

"उकलायला."

पलीकडे बराच वेळ टकटक चालली. "उकलणे असा पर्याय यादीत नाहीये. भरणे आहे, जोडणे आहे, तपासणे आहे. नासधूस आहे, पण ती मालकाने भरायची असते."

"मग मी करू काय?"

"सेटिंगमध्ये जा. 'फोटोंचा क्रम बदला' असं दिसेल. ते दाबा, सगळ्या नोंदींना लागू होईल. फक्त एकदाच दाबता येतं हं."

"अहो, पण ते खोटं नाही का होणार?"

"मॅडम, खोटं असतं तर तसा पर्यायच दिला नसता."

मी फोन ठेवला आणि सेटिंग उघडलं.

मी दाबलं. रेघ गेली. नव्वद हिरवे झाले, हसरा चेहरा टाळ्या वाजवू लागला. राहिली मालकाची मंजुरी. भाऊजींच्या फोनवर सहा आकडी नंबर येणार, तो टाकला की काम फत्ते.

भाऊजींचा फोन ताई सांभाळते. तीस वर्षांच्या वार्निशने भाऊजींची बोटं इतकी गुळगुळीत झालीत की फोनला ती बोटं वाटतच नाहीत. दुकान म्हणजे एक खोली. लांब टेबल, टेबलाखाली आजारी मोटारी, भिंतीवर खिळ्यांना तारेची रिळं, कोपऱ्यात बल्ब लावलेली तपासणीची पाटी. भाऊजी स्टुलावर बसून खाचांत घालायचा इन्सुलेशनचा कागद कापत होते. ताईने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "अहो, छोटीचं झालं बघा. नंबर देऊ?"

"थांब." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बघू दे काय झालंय ते."

ते एकेक फोटो बघत गेले. सगळे बघितले, साठच्या साठ. ताईचा हात दुखायला लागला तरी बघत होते.

"हे काय आहे?"

"माझी कामं," मी म्हटलं.

"आधी मोटार लख्ख, रिकामी. नंतर जळून कोळसा. म्हणजे चांगल्या मोटारीत तू जळकी तार भरलीस. एकेक वेढा. साठ वेळा."

"मी नाही, ते पोर्टल म्हणतंय."

"आणि याचे नव्वद गुण?"

"हो."

"मग शंभर कधी मिळतात? दुकान पेटवल्यावर?"

ताई फिसकन हसली. मी नाही हसले. सात दिवस राहिले होते आणि या माणसाला विनोद सुचत होते.

"भाऊजी, मंजुरी द्या."

"कसली? तू मोटार भरलीस कधी?"

"तुम्ही भरू दिलीत कधी?"

ताईने फोन खाली ठेवला. कात्री थांबली. मग मी थांबले नाही. जे तोंडात येईल ते बोलले. म्हटलं, अकरा महिने तुम्ही मला जळकं सोलायला बसवलंत. तेरा नखं गेली माझी, दहा बोटांची तेरा. पोर्टल म्हणतं मला काही येत नाही. तुम्ही म्हणता आधी उकल. बटण दाबलं तर पोर्टल म्हणतं मला सगळं येतं, आणि आता तुम्ही म्हणता काही येत नाही. एक काय ते दोघं मिळून ठरवा, मी बाहेर जाऊन बसते.

"बस खाली," भाऊजी म्हणाले.

"नाही बसत."

"बरं, उभी राहून ऐक. भरायला कसं शिकवतात ते मला माहीत नाही."

मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"मला कोणी शिकवलंच नाही," भाऊजी कात्रीकडे बघत म्हणाले. "आमचा उस्ताद असाच. वर्षभर उकलायला लावलं. एक दिवस सकाळी आलो तर दुकानाला कुलूप. उस्ताद गाव सोडून गेलेला, आणि दारात गिऱ्हाईक उभं, मोटार घेऊन. काय करणार? दुसरी किल्ली माझ्याकडे होती. उघडलं. वही घेतली, शेवटच्या ओळीपासून वाचत वर गेलो. जसं उकललं होतं त्याच्या उलट. चालली मोटार. तेव्हापासून तसंच चाललंय."

"आणि माझं वर्ष संपल्यावर काय करणार होतात?"

"तेच कळत नव्हतं. कुलूप लावून कुठे जाऊ? घर वरच आहे."

ताई म्हणाली, "अहो, ती रोज विचारत होती की हो."

"म्हणून तर रोज जास्त उकलायला देत होतो."

आता सांगा, या माणसाला काय म्हणावं? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. भाऊजींनी वही उलटी वाचली आणि उस्ताद झाले. पोर्टलने माझे फोटो उलटे लावले आणि ते खोटं झालं. दोन्हींत फरक काय? फरक नक्की होता, मला तो जाणवत होता, पण बोट ठेवायला जावं तर निसटत होता. एक वाटायचं की मला सगळं येतं, नुसतं अजून केलेलं नाही. लगेच वाटायचं की पोर्टल पहिल्यांदा बोललं तेच खरं, मी उणे.

"एक मोटार भर," भाऊजी म्हणाले. "लाँड्रीवाल्या काकूंची पडलीये, कालच मी मोकळी केली. तुझ्या वहीत तसल्या सात आहेत. चालली, तर नंबर देतो. मी तोंड उघडणार नाही."

"चुकले तर?"

"तार तांब्याची आहे, वितळवून परत होते. भर."

मी रिकाम्या मोटारीचा फोटो काढला. पोर्टलवर फोटो जागेवरच काढावा लागतो, आधीचा आधी आणि नंतरचा नंतर, जुना चिकटवता येत नाही. मग वही उघडली.

खालून वर वाचायचं. बाहेरच्या वेटोळ्याला बावन्न वेढे, मधल्याला चव्वेचाळीस, आतल्याला सव्वीस. लाकडी साच्यावर तार गुंडाळताना बोटांना कळत होतं की ही तार आता आत चाललीये, बाहेर नाही. साठ वेळा जी दिशा धरली ती सोडून उलट जायचं म्हणजे डाव्या हाताने सही करण्यासारखं. पहिलं वेटोळं खाचेत बसवताना तार मुरगळली. काढलं, दुसरं केलं. भाऊजी समोर बसून कागद कापत होते. गरज नसताना कापत होते, दोन महिने पुरेल एवढा. तोंड उघडलं नाही. ताई दर तासाला येऊन विचारायची, "झालं?" आणि भाऊजी हाताने तिला हाकलायचे.

तीन दिवस लागले. वार्निश वाळवून पंधरा तारखेला दुपारी वायरी जोडल्या, बटण दाबलं. मोटार नुसती गुरगुरली. फिरेना. जागच्या जागी थरथरत, रागावलेल्या मांजरासारखी. मी बंद केली. भाऊजींच्या ओठांची हालचाल झाली, मी म्हटलं, "बोलू नका." वही घेतली. भरताना काय केलं ते आठवेना. आठवेना म्हणजे अजिबात नाही. मग मनातल्या मनात तीच मोटार उकलायला लागले. हे शेवटचं टोक, ते इथून निघालं, तिथे गेलं, आणि तिथे एका बारीक तारेचं टोक चुकीच्या जोडाला बांधलेलं सापडलं. सोडलं, बदललं. बटण दाबलं.

फिरली. आवाज बारीक आणि एकसारखा. भाऊजींनी पेचकसाचं टोक मोटारीला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकलं.

"बरी आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बरी' निघणं म्हणजे काय ते ताईला विचारा. स्वतःच्या लग्नाच्या फोटोलाही ते 'ठीक' म्हणतात.

मी फोटो काढला. चोवीस खाचा, नवी तांबूस तार, घट्ट बांधलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी भरलेली मोटार. पोर्टलवर टाकला आणि बघते तर नव्वदाचे साडेअठ्ठ्याऐंशी. हिरवं होतं ते लाल झालं. 'प्रमाणपत्रासाठी दीड गुण कमी आहेत.'

परत बासरी. परत तीच मुलगी.

"मॅडम, तुम्ही क्रम बदलला आहे ना. तो आता सगळ्याच नोंदींना लागतो. तुम्ही आधी रिकामी आणि नंतर भरलेली दाखवलीत, ते उलटं झालं."

"अहो, हीच एक नोंद सुलटी होती!"

"हो ना. ती उलटी झाली."

"मग क्रम परत बदला."

"एकदाच बदलता येतो, सांगितलं होतं मी. एक करता येईल. लाल नोंद मिटेपर्यंत पोर्टल दुसरी मोटार घेत नाही. तुम्ही हीच मोटार परत रिकामी करा, तसे फोटो काढा, दीड गुण परत मिळतील."

फोन मोठ्या आवाजावर होता. भाऊजी म्हणाले, "उकल मग. त्यात तुझा हात बसलाय. संध्याकाळपर्यंत होईल."

ताई म्हणाली, "छोटे, दोनच दिवस राहिलेत. उकलून टाक, बाई. काकूंना हे परत भरून देतील."

मी त्या मोटारीकडे पाहिलं. ती टेबलावर नुसती पडून होती. साठ जळक्या मोटारी त्या कागदावर माझ्या नावाने मिरवत होत्या, त्यांतली एकही मी भरली नव्हती. आणि जी भरली ती मोडली तर मी लायक. हे कोणी बसून ठरवलं असेल? कोणी तरी खुर्चीवर बसून, चहा पीत, कधी जळक्या मोटारीचा वास न घेता ठरवलं असेल.

"हिला कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "ताई, काकूंना फोन कर. म्हणावं, घेऊन जा."

काकू आल्या, मोटार पिशवीत घालून घेऊन गेल्या. कोणी भरली ते त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

मग मी ती नोंदच काढून टाकायला घेतली. पोर्टलने विचारलं, 'काढण्याचे कारण निवडा.' तीन कारणं होती. पहिलं, फोटो अस्पष्ट आहे. ते निवडलं. उत्तर आलं, 'फोटो स्पष्ट आहे. दुसरे कारण निवडा.' दुसरं, नोंद दोनदा झाली आहे. ते निवडलं. 'अशी दुसरी नोंद आढळली नाही.' हे मात्र पोर्टल खरं बोललं. अशी दुसरी नव्हतीच.

तिसरं कारण होतं, 'हे काम माझे नाही.'

ताई खांद्यावरून वाचत होती. मी दाबलं. पोर्टलने लगेच मानलं, एक प्रश्न विचारला नाही. नव्वद. हिरवे. टाळ्या.

भाऊजींच्या फोनवर नंबर आला. ताई वाचणार तोच त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, आणि एकेक आकडा स्वतः वाचला. शेवटच्या आकड्याला थांबले.

"मी साठ खोट्यांना हो म्हणतोय," म्हणाले, "एका खऱ्या मोटारीसाठी, जी यात नाही. बरोबर ना?"

"मला नका विचारू, भाऊजी. मला विचाराल तर मी रडेन."

"सात," ते म्हणाले. तो शेवटचा आकडा होता.

सतरा तारखेला सकाळी मी पंपघरात गेले. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. मागच्या भिंतीपलीकडे चार मोठे पंप घरघरत होते, टेबलावरचा पेला थरथरत होता.

"साठ मोटारी!" साहेब म्हणाले. "तुमच्या भाऊजींनी चांगलंच राबवलंय तुम्हाला."

"साहेब, साठ उकलल्यात. भरली एकच."

"कुठली? दाखवा."

"ती यात नाही."

"मग यात काय आहे?"

"मी भरल्या नाहीत त्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद पाहिला. मला पाहिलं. परत कागद पाहिला.

"तुमची चाळीस कधी पूर्ण होतात?"

"उद्या."

"मग आज मला गोंधळात पाडू नका, बाई," ते म्हणाले आणि पेन पुढे सरकवलं. "इथे सही करा. हे जे काय आहे ते मला उद्या सांगा."

मी सही केली.